सुईचं वजन दोन ग्रॅम

ज्या माणसाला शेहेचाळीस वर्षं मी दिवसातून दोनदा हाक मारून जेवायला उठवलं, त्या माणसाला माझा आवाज ओळखू आला नाही. परक्याच्या घरी नाही, बाजाराच्या गर्दीत नाही. माझ्याच ओसरीत, दिवसाढवळ्या, नागपंचमीला, गावातल्या पंधरा बायांसमोर, आणि माझ्याच हातचे कान्होले खाता खाता. यापेक्षा ताट भिरकावलं असतं तर मी समजून घेतलं असतं. ताट भिरकावणारा नवरा निदान बायकोला ओळखतो तरी.

हा माणूस म्हणजे आमचे हे, जागेश्वरराव. राइस मिलमध्ये मुनीम होते, आता एकोडीत घरी बसून रेकॉर्ड ऐकतात. नुसत्या ऐकत नाहीत. आधी हात धुतात, मग मखमलीच्या फडक्यानं तबकडी पुसतात, मग तिरपं होऊन उजेडात बघतात, आणि मग सुई अशी अलगद ठेवतात, की माझी तीन लेकरं झाली तेव्हा यांनी एकालाही इतक्या जपून पाळण्यात ठेवलं नाही. मी चौथी पास आहे, मला यातलं कळत नाही असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, न कळायला त्यात काय आहे, ताट फिरतं आणि काटा बोलतो.

पण त्यांच्या पेटीत एक लहान तबकडी अशी आहे, की तिच्यातलं मला सगळं कळतं. माझं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते, एकोणऐंशी साल, तेव्हा नागपूरहून एक साहेब धानाच्या रोवण्याची गाणी गोळा करायला आमच्या शेतात, बांधीत आले होते. आम्ही चौघी ढोपरभर चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होतो आणि काठाला धुऱ्यावर त्यांचं मशीन. पुढं त्याची तबकडी निघाली, तिची एक प्रत आमच्याकडे आली. वरच्या कागदावर नावं नाहीत, 'चार शेतकरी महिला' एवढंच छापलं आहे. चौघींतल्या दोघी वर गेल्या. उरलो मी आणि समोरच्या घरची देवकाबाई.

त्या गाण्यात एक आवाज पुढं चालतो आणि बाकीचे तीन मागून झेलतात. पुढचा आवाज माझा, हे मी शेहेचाळीस वर्षं सांगत आले. लेकीच्या सासरी सांगितलं, अंगणवाडीच्या मॅडमला सांगितलं. मागच्या प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या पटांगणात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला, तोही ह्याच आवाजाचा. नारळ खाऊन झाला, पण शाल कपाटात आहे. त्यामुळं आता मागं फिरायला जागा नव्हती.

आणि नागपंचमीला ही तबकडी लावली असताना देवकाबाई कान्होला मोडता मोडता म्हणाली, "पुढचा आवाज त माझा होय ना वं, गोदाबाई." असं, जसं काही वाटीतलं तूप संपलं म्हणून सांगावं.

पंधरा बायांनी माना वळवल्या त्या ह्यांच्याकडे, कारण त्या दिवशी हे पण शेतात होते. ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, मी तर लांब होतो, बैलांपाशी. आणि रेकॉर्डची सुई घासली आहे, चारही आवाज एकमेकींत मिसळतात, नक्की सांगता येत नाही.

नक्की सांगता येत नाही. मी त्या रात्री त्यांना भाजी वाढली नाही. कशाची भाजी आहे ते नक्की सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मीच जाहीर केलं, की सुई बदला. हे दचकले. मग म्हणाले नुसती सुई बदलून होत नाही, पूर्ण कार्ट्रिज बदलावं लागतं. कार्ट्रिज म्हणजे त्या लांब दांडीच्या टोकाला काडेपेटीच्या अर्ध्याएवढी डबी असते, सुई तिच्या पोटाखाली बसते आणि आवाज तिच्या पोटात तयार होतो. मी म्हटलं, मग डबी बदला. त्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की ते इतकं सोपं नसतं, निवड करावी लागते. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी मान वर करून एकदाच पाहिलं होतं आणि होकार दिला होता. डबीची निवड नऊ दिवस चालली.

गावाला सल्ला द्यायला काही लागत नाही. पोस्टमन म्हणाला, सुईला खोबरेल लावा. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, आणा इकडे, दगडावर धार करून देतो. देवकाबाई तिच्या ओट्यावरून म्हणाली, कायले खर्च करता, सुई काही पण असली तरी आवाज माझाच आहे. शेवटी आम्ही सानगडीच्या गोपीचंदकडे गेलो. तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाइलच्या काचा बदलतो, पण जुनं ज्ञान डोक्यात शाबूत आहे.

गोपीचंदनं सांगितलं की मुख्य भांडण दोन गोष्टींचं असतं. एका कार्ट्रिजचा आवाज ऊबदार असतो, भरलेला, गोल, जुन्या तबकडीची खरखर पोटात घालणारा. दुसऱ्याचा आवाज बारकाव्यांचा असतो. गाणाऱ्यानं श्वास घेतला तरी कळतो. ऊब वाढवली की बारकावे जातात आणि बारकावे वाढवले की जुन्या तबकडीचे सगळे ओरखडे बोंबलतात.

आमचे हे लगेच ऊबेच्या बाजूनं झाले. "जुन्या रेकॉर्डीले ऊबच पाहिजे, रीताची माय. बारीक सुई लावली त कानाले टोचते."

"मले ऊब नाही पाहिजे," मी म्हटलं. "मले खरं पाहिजे."

त्यावर ते चष्मा काढून इतका वेळ पुसत बसले, की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण मी त्या वेळी गोपीचंदचं चित्र पाहण्यात गुंतले होते. त्यानं पेपरच्या कोऱ्या कडेवर दोन सुया काढल्या, एक गोल टोकाची, एक लांबट टोकाची, आणि कुठली खोल जाते ते समजावत होता. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, हे मला नको सांगू. गोल सुई म्हणजे बैलगाडीचं चाक, चाकोरीच्या वरवर चालतं. लांबट सुई म्हणजे पऱ्हं रोवणारं बोट, चिखलातून तळाला जाऊन लागतं. गोपीचंदनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, काकू, तीस वर्षांत मला इतकं साफ कोणी सांगितलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, पण हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

पुढचं काम नागपूरला आमच्या लेकीनं, रीतानं केलं. तिच्या ओळखीच्या एका रेकॉर्डवाल्यानं तीन कार्ट्रिज सुचवले. एक फारच नाजूक निघालं, त्याच्यासाठी आधी वेगळी पेटी जोडावी लागते, म्हणजे नवरीसोबत करवलीचंही जेवण आलं. ते बाद. दुसरं नुसतं ऊबेचं. तिसऱ्याची सुई हिऱ्याची, लांबट टोकाची, आणि रेकॉर्डवाल्याच्या म्हणण्याप्रमाणं त्यात ऊबही राहते आणि बारकावेही सुटत नाहीत. ह्यांनी त्यातली ऊब ऐकून होकार दिला आणि मी बारकावे ऐकून. आमच्या संसारातले बरेच निर्णय असेच झालेले आहेत.

पार्सल आलं. चार रंगांच्या चार तारा, केसापेक्षा थोड्या जाड, ह्यांनी चिमट्यानं जोडल्या. तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचं नाही असा हुकूम होता. आणि मग नवी अडचण निघाली. सुईचा भार तबकडीवर बरोबर दोन ग्रॅम पडला पाहिजे. कमी पडला तर सुई उड्या मारते, जास्त पडला तर तबकडी खरवडते. दांडीच्या मागं एक वजन असतं, ते फिरवून भार कमीजास्त करतात, पण आमच्या मशीनवरचे त्याचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. किराणा दुकानाचा काटा दोन ग्रॅम मोजत नाही. रेशन दुकानाचा तर दोनशे ग्रॅमही धड मोजत नाही.

दोन ग्रॅम मोजतो फक्त सोनार.

आता सोनाराकडे नुसती सुई नेऊन भागत नाही. दांडीला लावलेली सुई काट्यावर टेकवायची असते, म्हणून अख्खं मशीन न्यावं लागतं. त्याला धक्का लागू नये म्हणून मी ते माझ्या लग्नातल्या शेल्यात गुंडाळलं. बाजाराच्या दिवशी सानगडीला जायचं म्हणून मी बरं लुगडं नेसले, ह्यांनी धुतलेला सदरा घातला. ऑटोतून आम्ही सोनाराच्या दारात उतरलो. हे पुढं, हातात शेल्यातलं मोठं गाठोडं, पोटाशी धरलेलं. मी मागं, गाठोड्याला खालून हात लावून. आजूबाजूला अख्खा बाजार.

दादाजी सोनार भला माणूस. काटा वाऱ्यानं हलतो म्हणून त्यानं पंखा बंद केला, काचेचा दरवाजा लावला, वर पडदाही ओढला. मग सुई काट्याच्या ताटलीवर टेकवली तर ती चिकटूनच बसली. कार्ट्रिजच्या पोटात लोहचुंबक असतं आणि ताटली निघाली लोखंडी. आकडे वेड्यासारखे पळायला लागले. दादाजीनं तीनदा मशीनकडे आणि तीनदा माझ्या गळ्यातल्या पोतीकडे पाहिलं. शेवटी दागिने बांधायच्या गुलाबी कागदांची बोटभर जाड गड्डी करून त्यानं ताटलीवर ठेवली, आकडा शून्य केला आणि सुई तिच्यावर टेकवली. ह्यांनी मागचं वजन एवढं एवढं फिरवलं. पाऊण तासानं दोन ग्रॅम आले. दादाजीनं घाम पुसला, पैसे घेतले नाहीत. सुईवर धूळ बसू नये म्हणून तिच्याभोवती गुलाबी कागदाची पुडी मात्र बांधून दिली. बाहेर पडताना ती पुडी शेल्यातून डोकावत होती.

बाजारातल्या लोकांना मी दोष देत नाही. लग्नाच्या वयाची नात असलेलं म्हातारं जोडपं, नेसून सवरून, बंद दरवाजाआड, पडदा ओढून, पाऊण तास, आणि बाहेर येताना गुलाबी पुडी. ह्याचा एकच अर्थ होतो, आणि तो आम्ही घरी पोहोचायच्या आत एकोडीत पोहोचला होता. आमच्या रुचिताचं लग्न ठरलं.

रुचिता माझी नात, लेकाची मुलगी. साकोलीला कॉलेज करते आणि पोलीस भरतीसाठी पहाटे पाच वाजता रस्त्यावर धावते. त्या दिवशी कॉलेजातून आली ती पायातले बूट न काढता आत आली. तिच्या वर्गातल्या तिघींनी तिचं अभिनंदन केलं होतं आणि एकीनं नवऱ्याचं गावही सांगितलं होतं. तिनं मला बजावलं, की आजी, सगळ्यांना सांग, की तुम्ही सुई मोजायला गेले होते.

हे बोलायला सोपं आहे. पंधरा बायांना मी कुठल्या तोंडानं सांगणार, की गोदावरीबाई लग्नाचा शेला बाहेर काढून, दादाजी सोनाराचा पंखा बंद करवून, काय मोजायला गेली होती? सुई कशासाठी, हा पुढचा प्रश्न. नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू येत नाही म्हणून, हे त्याचं उत्तर. मी गप्प राहिले. आणि लग्नाच्या बाबतीत आजी गप्प राहिली, की ते पक्कं असतं.

दोन दिवसांत कारध्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. सख्ख्या बहिणीला कळवलं नाही, दादाच्या घरात आता माझी किंमत उरली नाही, असं रडून तिनं फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी रुसलेल्या तोंडानं स्वतः आली. येताना रुचिताला पातळ आणलं. रुसवा आणि पातळ दोन्ही एकाच पिशवीत. मी तिला विचारलं तर म्हणाली, रुसली आहे म्हणून काय आहेर चुकवू? त्याच संध्याकाळी सानगडीचं एक कुटुंब येऊन गेलं. त्यांनी ऐकलं होतं की लग्न ठरलं आहे, पण नक्की कुठं ते कोणाला माहीत नाही. म्हणजे अजून जागा रिकामी असेल, असा त्यांनी हिशेब केला. मुलगा चांगला, धानाचा व्यापार. रुचितानं खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा धावायला निघून गेली.

मी विचार केला, की आता एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना बोलवावं. सांगितलं, रविवारी सकाळी अकरा वाजता या, सगळं कळेल. सगळं म्हणजे काय ते मी सांगितलं नाही. तबकडी मात्र कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला लावली. नवी सुई दुसऱ्या रेकॉर्डींवर तपासा, पण ह्या तबकडीला सगळ्यांच्या समोरच लावायची, असं ह्यांना बजावलं. त्या आठवड्यात त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

शनिवारी तपासताना कळलं, की अकराच्या सुमाराला शेतातले सगळे पंप सुरू होतात आणि दिवे मंद होतात. त्यात आमचं मशीन जुन्या बनावटीचं. ताट इतकं हळू फिरायला लागलं, की बाई गात होती ती बघता बघता बाप्या झाली. मी घाबरले. मशीनमधून बाप्या निघाला तर देवकाबाई काय म्हणेल. लाइनमन चंद्रकुमारला गाठलं. तो म्हणाला, काकू, तासभर इकडचा भार मी दुसऱ्या डीपीवर टाकतो, पण अर्ज द्या, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मी सांगत गेले आणि ह्यांनी लिहिलं: रोवण्याच्या गाण्यातला पुढचा आवाज कोणाचा, हे ठरवण्यासाठी रविवारी अकरा ते बारा पूर्ण दाबानं वीज मिळावी. चंद्रकुमारनं अर्ज वाचला, डोकं खाजवलं, म्हणाला की ऑफिसात असं कारण चालत नाही, आणि स्वतःच्या पेनानं वर लिहिलं, 'घरगुती मंगल कार्य'. सही माझी होती. आता कागदावर सुद्धा लग्न झालं.

रविवारी ओसरी भरली. पंधरा बाया, त्यांची माणसं, कारध्याची नणंद, सानगडीचं कुटुंब पेढ्यांच्या डब्यासकट, कोपऱ्यात रुचिता हाताची घडी घालून. गोपीचंद आला होता, दादाजी सोनारही आला होता, त्याला स्वतःच्या दोन ग्रॅमची काळजी होती. देवकाबाई समोर बसली, नवं पातळ नेसून. मी उभी राहिले आणि सांगितलं, की लग्न कोणाचंच नाही. सुई मोजायला गेलो होतो. आज त्या गाण्यातला पुढचा आवाज कोणाचा, ते ठरेल. सानगडीच्या मुलाच्या बापानं पेढ्यांचा डबा हळूच मांडीखाली घेतला, पण उठला नाही. त्यालाही ऐकायचं होतं.

मी किल्ली काढली. ह्यांनी तबकडी पुसली. मग उजेडात धरून पुन्हा पुसली.

सुई टेकली. आधी नुसता पाऊस, आणि पाऊस म्हणजे खरोखरचा पाऊस, बांधीतल्या पाण्यावर पडणारा, इतकी वर्षं आम्ही ज्याला खरखर समजत होतो तो. मग चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. मग पुढचा आवाज चालू झाला, आणि ओळीच्या शेवटाला त्यानं जरासा नाकातून झोका घेतला.

देवकाबाई आजही कोंबड्यांना दाणे टाकायला बोलावते, तेव्हा शेवटाला तोच झोका घेते. मला पहिल्याच ओळीला कळलं. मागच्या तिघींत मी कुठंतरी होते, चांगलीच होते, पण मागं होते. सत्काराची शाल कपाटात होती तरी तिचा भार माझ्या खांद्यावर आला, आणि तो दोन ग्रॅम नव्हता. देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला अपेक्षा होती तशी ती हसली नाही. ती ऐकत बसली, डोक्यावरचा पदर सारखा करत, जसं कोणाच्या तरी दुसऱ्याच पोरीचं गाणं ऐकावं.

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी जी मोकळी जागा असते, तिथं, जुन्या सुईला कधी न सापडलेल्या त्या पावसाच्या आतून, मशीनच्या अगदी जवळून, एक बाई खेकसली:

"छत्री सरळ धरा ना जी, मशीन भिजून राहिली. ध्यान कुठं आहे तुमचं?"

आणि माझ्या ओसरीत, खुर्चीवर बसलेले आमचे हे ताडकन उभे राहिले, उजवा हात वर केला आणि म्हणाले, "धरली, धरली."

मशीन पुढं दुसरं कडवं गात राहिलं, पण ते कोणी ऐकलं नाही. दादाजी सोनार हसून हसून गोपीचंदच्या अंगावर पडला. चंद्रकुमार दारात डोळे पुसत होता. बाया एकमेकींना सांगत होत्या, ही गोदाबाई, ही तर गोदाबाईच. नणंदेनं मात्र कपाळाला हात लावला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि माझ्या दादाशी ही असं बोलत होती, हे तिला शेहेचाळीस वर्षांनी कळत होतं. सानगडीचं कुटुंब उठलं. ह्या घरच्या बाया लग्नानंतर चौथ्या महिन्यात कसं बोलतात ते त्यांनी ऐकलं होतं, मुलाला पुढचा विचार करायला वेळ हवा होता. डबा त्यांच्यासोबतच गेला. रुचितानं रेकॉर्डच्या मशीनला वाकून नमस्कार केला.

मी मात्र हसले नाही. माझं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. छत्री. मशीनवर. बैलांपाशी नाही, लांब नाही. हा माणूस त्या दिवशी मशीनला खेटून उभा होता. आम्ही चौघी त्यांच्यापासून चार हातांवर. पुढं कोण गात होती, हे ह्यांना त्या दिवशीही माहीत होतं, नागपंचमीलाही माहीत होतं, आणि ऊबदार कार्ट्रिजसाठी गोपीचंदपुढं गळ घातली तेव्हाही माहीत होतं. शेहेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत होते आणि हे शेजारी बसून ऐकत होते. एका शब्दानं खोडलं नाही, एका शब्दानं हो म्हटलं नाही. सगळं त्या बिचाऱ्या घासलेल्या सुईवर ढकललं.

हे अजून उभेच होते. हात खाली आला होता. ओसरी हळूहळू शांत झाली, कारण मी बोलणार हे सगळ्यांना कळलं. देवकाबाईनं माझा हात धरला, म्हणाली, राहू दे वं आता, त्याहीनं तुझ्यासाठीच केलं. मी तिचा हात बाजूला ठेवला, पण हळूच ठेवला. कपाटातली ती शाल काढून तिच्या मांडीवर टाकली. मग ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आयका जी," मी म्हटलं. "गाणं देवकाबाईचं होय, हे ह्या सुईनं पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, माझं भेव न ठेवता सांगितलं. तुम्ही छत्री धरून चार हातांवर होते, तुम्हाले शेहेचाळीस वर्षांत जमलं नाही. आजपासून ह्या घरात कोणत्याही गोष्टीची साक्ष काढायची असली त मी सुईले विचारीन. तुम्ही फक्त ते मशीन पुसत राहा."